कोणती आष्टी?

सोयाबीनची पट्टी हातात होती आणि भाच्याचा फोन आला. तो पुण्यात नोकरीला, मूळ आमच्याच आष्टीचा, म्हणजे जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यात आहे त्या आष्टीचा. "मामा, व्हॉट्सॲपवर एक जण वाइन विकतोय. फ्रान्सचा माल, दुकानातल्या निम्म्या भावात. सहा बाटल्यांची पेटी, गावीसुद्धा घरपोच देतो म्हणतो. निम्मे पैसे आधी. दिवाळीला साहेबांना द्यायची होती. घेऊ का?"

मी वाइन पीत नाही. तिच्या चवीबद्दल मी काही सांगू शकत नाही. पण दलाल, आडत आणि उधारी यांच्याशी माझा जन्मभराचा संबंध आहे. मी त्याला म्हणलं, त्या माणसाला एवढंच विचार, माल कोणत्या आष्टीला पाठवणार?

दहा मिनिटांत उत्तर आलं. "आष्टी, महाराष्ट्र. पिन कोड टाका, माल पोचेल."

मी भाच्याला तिथेच थांबवलं.

महाराष्ट्रात आष्ट्या पुष्कळ आहेत. बीड जिल्ह्यातली आष्टी तालुक्याचं ठिकाण आहे. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात एक आहे. वर्धा जिल्ह्यातली आष्टी १९४२ च्या लढ्यातल्या हुतात्म्यांमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात आणखी एक आष्टी आहे. यांपैकी वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. म्हणजे एकाच नावाच्या दोन गावांत ती पेटी नेणं हाच गुन्हा. जो माणूस परवाना काढून हा धंदा करतो, त्याचं पोट या माहितीवर चालतं. गावाचं नाव ऐकल्याबरोबर त्याने आधी जिल्हा विचारला असता. या दलालाने फक्त पिन कोड मागितला.

आपल्याकडच्या कायद्याचं नावच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असं आहे, साल १९४९. बंदी हा नियम आणि विक्री हा अपवाद, अशी त्याची मांडणी. तो अपवाद परवान्याने मिळतो आणि परवाना जागेला बांधलेला असतो. आपण ज्याला 'वाइन शॉप' म्हणतो (तिथे वाइनपेक्षा व्हिस्कीच जास्त खपते), त्याच्या पाटीवर एफएल-२ हा परवान्याचा प्रकार आणि परवान्याचा क्रमांक दिसतो. २०१८ मध्ये घरपोच दारूची कल्पना मंत्र्यांनी बोलून दाखवली, टीका झाली आणि सरकारला खुलासा करावा लागला. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत घरपोच देण्याची मुभा दिली गेली, पण तीही परवाना असलेल्या दुकानालाच, आणि पिण्याचं परमिट असलेल्या गिऱ्हाइकालाच. नेमक्या त्याच दिवसांत मुंबई-पुण्यात नामांकित दुकानांच्या नावाखाली भामट्यांनी इंटरनेटवर स्वतःचे नंबर टाकले आणि कित्येकांची खाती रिकामी केली. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली. त्यावर वादळ उठलं आणि तो निर्णय अमलात आला नाही. जिथे सरकारला किराणा मालाच्या मोठ्या दुकानात वाइन ठेवता आली नाही, तिथे व्हॉट्सॲपवरचा एक नंबर ती कोणत्या अधिकाराने विकतो? त्यामुळे त्याच्याकडे पहिली मागणी करायची ती परवान्याचा क्रमांक आणि दुकानाचा पत्ता. ते मिळालं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात खात्री करून घेता येते. ते कार्यालय जालन्यातही आहे.

भाच्याने आग्रह धरला तेव्हा त्या दलालाने कच्चं बिल पाठवलं. त्यावर बाटल्यांच्या किमतीत अठरा टक्के जीएसटी लावलेला होता आणि खाली पंधरा अंकी नोंदणी क्रमांक. पोराला वाटलं, कागद पक्का आहे. मला तोच कागद सर्वांत कच्चा वाटला. पिण्याची दारू जीएसटीत येतच नाही. तिच्यावर राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट लागतो. बाटलीवर जीएसटी आकारणारा माणूस एक तर दारू विकत नाही, नाहीतर खोटं बिल करतो. भामटे असे आकडे मुद्दाम टाकतात, कारण आकडा दिसला की आपला हात ढिला पडतो.

मग भाव. बाटलीबंद परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क राहिलं. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानंतर तिथल्या महाग बाटल्यांना सवलत मिळाली, पण हिशेबाची रीत तीच. हजार रुपयांना आयात केलेली बाटली १५० टक्के दराने बंदरातच अडीच हजारांची होते, त्यावर राज्याचे कर आणि दुकानदाराचा नफा. ती निम्म्या भावात द्यायची तर शुल्क चुकवलेलं असलं पाहिजे, किंवा आतला माल दुसरा, किंवा बाटलीच नाही. चौथी शक्यता मला तरी सुचत नाही.

आतला माल दुसरा असण्याचा किस्सा वाइनच्या जगात फार मोठा आहे. रूडी कुर्नियावान नावाचा तरुण अमेरिकेत दुर्मीळ वाइनचा जाणकार म्हणून मिरवत होता. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याच्याकडच्या बाटल्या आल्या. त्यांत फ्रान्सच्या पॉन्सो घराण्याच्या 'क्लो सँ-दनी' वाइनच्या १९४५ पासूनच्या बाटल्या होत्या. त्या घराण्याचे लोराँ पॉन्सो स्वतः न्यूयॉर्कला पोचले आणि त्यांनी त्या लिलावातून मागे घ्यायला लावल्या. कारण साधं होतं. त्यांच्या घराण्याने ही वाइन करायला सुरुवात केली तीच १९८० नंतर. कुर्नियावान २०१२ मध्ये पकडला गेला, २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याने चव जाणणाऱ्या भल्याभल्यांना फसवलं होतं, आणि त्याला उघडं पाडलं ते एका सनावळीने. ही परीक्षा न पिणाऱ्यालाही करता येते. नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० सालची. तुम्हाला कोणी १९९५ ची सुला दाखवली, तर झाकण उघडायची गरज नाही.

बाटलीच नसण्याचा प्रकार त्याहून वाईट, कारण तिथे माणूस ओळखीचा आणि जुना असू शकतो. कॅलिफोर्नियात बर्कलीला 'प्रीमियर क्रू' नावाचं वाइनचं दुकान होतं, १९८० पासूनचं. मालक जॉन फॉक्स. माल युरोपातून यायचाय, आत्ता पैसे भरा, स्वस्त पडेल, असं सांगून तो न घेतलेली वाइन विकायचा आणि नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्याची मागणी भागवायचा. जानेवारी २०१६ मध्ये दुकानाने दिवाळखोरी जाहीर केली. पैसे भरूनही लोकांना न मिळालेल्या वाइनची किंमत सुमारे साडेचार कोटी डॉलर निघाली. फॉक्सने गुन्हा कबूल केला आणि त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. पस्तीस वर्षांची पत त्या दुकानाला होती.

पहिला व्यवहार चोख करून विश्वास कमवायचा आणि मोठ्या व्यवहारात बुडवायचं, हे आपल्या द्राक्षवाल्यांनी सोसलेलं आहे. नाशिक भागात परप्रांतीय व्यापारी बागेत येतात, पहिल्या गाड्यांचे पैसे रोख देतात, मग चेक देतात आणि शेवटच्या गाड्या घेऊन पसार होतात. २०२० मध्ये तेव्हाचे नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा शेतकऱ्यांच्या तक्रारींची रीघ लागली. म्हणून "याच्याकडून माझ्या मित्राने एक बाटली घेतली होती, ती आली," या साक्षीवर मी पेटीचे पैसे सोडणार नाही.

मग अनोळखी माणसाकडून कधीच काही घ्यायचं नाही का? तसं माझं म्हणणं नाही. आमच्या जालन्याला बियाण्याची राजधानी म्हणतात. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे बियाण्याच्या कितीतरी कंपन्या आल्या. बियाणं हा असाच माल आहे, आत काय आहे ते घेताना दिसत नाही. तरीही शेतकरी ते विकत घेतो, कारण पिशवीवर टॅग असतो. टॅगवर लॉट नंबर, उगवणशक्ती, तपासणीची तारीख. पिशवी खालच्या बाजूने फोडायची, टॅग आणि शिवण शाबूत ठेवायची, पावती जपायची, मूठभर बी काढून ठेवायचं. उगवलं नाही तर तक्रार उभी राहते ती या चार वस्तूंवर. बी विकणाऱ्याचा चेहरा चांगला होता, हे पंचनाम्यात लिहीत नाहीत.

वाइनच्या बाटलीलाही टॅग असतो, तो मागच्या लेबलवर. बॅच क्रमांक, आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, छापील किंमत, अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक. मी भाच्याला सांगितलं, याच सहा बाटल्यांच्या मागच्या बाजूचा फोटो माग, शेजारी आजचा पेपर ठेवून. इंटरनेटवरचं चित्र चालणार नाही. आणखी एक विचार, माल कशात ठेवलाय आणि कशातून येणार. वाइनला उष्णता सोसत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळिसावर जातो, तेव्हा उघड्या टेम्पोतून आलेली खरी वाइनसुद्धा बिघडलेलीच निघायची. धंदा करणाऱ्याकडे याचं उत्तर तयार असतं.

पैशाचा मार्ग सर्वांत शेवटी पाहायचा, पण तोच सर्वांत बोलका. खातं दुकानाच्या नावाचं आहे की कुणा भलत्याच माणसाच्या वैयक्तिक नावाचं? तुम्हाला परतावा देतो म्हणून तो क्यूआर कोड पाठवतोय का? यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त पैसे जायला लागतो. दोन रुपये पाठवून बघा म्हणणारा, ॲप डाउनलोड करा म्हणणारा, ओटीपी विचारणारा, यांच्याशी पुढे बोलूच नये.

फोटो मागितल्यावर त्या दलालाने आधी "स्टॉक गोडाऊनला आहे" असं सांगितलं, मग "आजच पैसे टाका, ऑफर संपते," आणि संध्याकाळी भाच्याचा नंबर ब्लॉक केला. भाच्याने पुण्यातल्या परवान्याच्या दुकानातून छापील किमतीला नाशिकच्या दोन बाटल्या घेतल्या. साहेबांना तेवढ्या पुरल्या.

त्याचे पैसे वाचले. ज्यांचे गेले त्यांच्यासाठी एक सांगतो. आपल्या गावात दारूच्या व्यवहारात पैसे बुडाले असं म्हणायची लाज वाटते. घरात बायकोला, वडिलांना कळेल म्हणून माणूस गप्प बसतो, आणि त्याच गप्प बसण्यावर भामट्याचा पुढचा धंदा चालतो. ती लाज बाजूला ठेवा. पैसे गेल्याचं कळताच पहिल्या तासात १९३० ला फोन करा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. समोरच्या खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत ती गोठवता येते. मग आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.