हॅलिफॅक्स, लॉर्ड
हॅलिफॅक्स, लॉर्ड एडवर्ड फ्रेडरिक लिंडली वुड : (१६ एप्रिल १८८१–२३ डिसेंबर १९५९). ब्रिटिश हुजूर पक्षाचा एक अग्रगण्य मुत्सद्दी, लॉर्ड आयर्विन या नावाने हिंदुस्थानचा व्हाइसरॉय (१९२६–३१), ग्रेट ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री (१९३८–४०) आणि अमेरिकेतील ब्रिटिश राजदूत (१९४१–४६). प्रतिपक्षाशी समोरासमोर बसून, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून तडजोड घडवून आणावी, ही त्याच्या राजकारणाची मूळ धारणा होती. या धारणेमुळे हिंदुस्थानात गांधी–आयर्विन करार घडून आला. युरोपात मात्र तीच धारणा हिटलरपुढे निष्फळ ठरली.

एडवर्डचा जन्म डेव्हन परगण्यातील पौडरम कॅसल या आजोळच्या वाड्यात झाला. वुड घराणे यॉर्कशरमधील मोठे जमीनदार होते. त्याचा आजोबा सर चार्ल्स वुड (पहिला व्हायकाउंट हॅलिफॅक्स) याचे नाव हिंदुस्थानातील शिक्षणविषयक १८५४ च्या खलित्यामुळे सुपरिचित आहे. पुढे १८५९ ते १८६६ या काळात तो भारतमंत्री होता. वडील चार्ल्स लिंडली वुड हे राजकारणापेक्षा धर्मकारणात रमले. इंग्लंडच्या चर्चमधील कॅथलिक परंपरेकडे झुकणाऱ्या पंथाचे ते पुढारी होते. वडिलांची ही धर्मनिष्ठा एडवर्डमध्ये पूर्णपणे उतरली. तो चौथा मुलगा. परंतु तिन्ही थोरले भाऊ बालपणीच वारल्याने वयाच्या नवव्या वर्षीच तो घराण्याच्या किताबाचा व इस्टेटीचा वारस ठरला. जन्मतःच त्याचा डावा हात खुरटलेला होता व त्यास पंजा नव्हता. तरीही तो उत्तम घोडेस्वार झाला आणि कोल्ह्याच्या शिकारीचा छंद त्याने आयुष्यभर जोपासला.

ईटन आणि ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च महाविद्यालय येथे त्याचे शिक्षण झाले. इतिहास विषयात प्रथम वर्ग मिळवून १९०३ मध्ये तो ऑल सोल्स महाविद्यालयाचा अधिछात्र झाला. १९०९ मध्ये लेडी डॉरथी ऑन्स्लो हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना तीन मुलगे व एक मुलगी अशी अपत्ये होती. त्याच वर्षी त्याने धर्मसुधारक जॉन केबल याचे चरित्र प्रसिद्ध केले. जानेवारी १९१० मध्ये रिपन मतदारसंघातून तो हुजूर पक्षातर्फे संसदेवर निवडून आला व १९२५ पर्यंत त्याने ती जागा राखली. पहिल्या महायुद्धात तो काही काळ यॉर्कशर ड्रगून्स या पलटणीबरोबर फ्रान्समध्ये होता. युद्धोत्तर पुनर्रचनेविषयी जॉर्ज लॉइड याच्या साहाय्याने त्याने १९१८ मध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. हाच लॉइड पुढे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला. वुडने १९२१ पासून वसाहतींचा उपमंत्री, शिक्षणमंत्री (१९२२–२४) व कृषिमंत्री (१९२४–२५) ही पदे सांभाळली. १९२५ मध्ये बॉल्डविनच्या मंत्रिमंडळाने व्हाइसरॉयपदासाठी त्याची निवड केली, तेव्हा त्यास बॅरन आयर्विन हा किताब देण्यात आला.

एप्रिल १९२६ मध्ये आयर्विनने मुंबईस पाऊल ठेवले. त्याच्या कारकीर्दीची सुरुवात एका मोठ्या चुकीने झाली. नोव्हेंबर १९२७ मध्ये सायमन आयोगाची घोषणा झाली. त्यात एकही हिंदी सभासद नसावा, असा सल्ला आयर्विननेही दिला होता. हिंदी सभासद घेतल्यास त्यांच्यातील मतभेदांमुळे आयोगाचे काम अडेल, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात या निर्णयाने काँग्रेस, नेमस्त आणि मुस्लिम लीगचा जीनांच्या नेतृत्वाखालील गट यांना बहिष्कारासाठी एकत्र आणले. आयोग ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबईस उतरला, तेव्हा काळी निशाणे व हरताळ यांनी त्याचे स्वागत झाले. लाहोर येथील निदर्शनांत लाठीमार झालेले लाला लजपतराय १७ नोव्हेंबर १९२८ रोजी निधन पावले.

आपली चूक ओळखून ती दुरुस्त करण्याचा आयर्विनने प्रयत्न केला. १९२९ मध्ये रजेवर इंग्लंडला जाऊन त्याने नव्या मजूर सरकारची संमती मिळविली आणि ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी जाहीर निवेदन केले. हिंदुस्थानच्या घटनात्मक प्रगतीचे स्वाभाविक पर्यवसान वसाहतीच्या स्वराज्यात होईल आणि त्यासाठी लंडनमध्ये गोलमेज परिषद भरविण्यात येईल, असा त्याचा आशय होता. या निवेदनावर इंग्लंडमध्ये त्याच्याच पक्षाच्या पुढाऱ्यांनी टीकेची झोड उठविली. २३ डिसेंबर १९२९ रोजी दिल्लीजवळ व्हाइसरॉयच्या खास गाडीखाली क्रांतिकारकांनी बाँबस्फोट केला. आयर्विन त्यातून बचावला व त्याच दिवशी ठरल्याप्रमाणे त्याने म. गांधी, मोतीलाल नेहरू, जीना, सप्रू व विठ्ठलभाई पटेल यांची भेट घेतली. परंतु परिषदेत वसाहतीच्या स्वराज्याची घटनाच तयार होईल, अशी हमी देणे त्यास शक्य नव्हते. बोलणी फिसकटली आणि लाहोर अधिवेशनात काँग्रेसने संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव संमत केला.

२ मार्च १९३० च्या पत्रात म. गांधींनी आपल्या नियोजित कायदेभंगाची पूर्वसूचना व्हाइसरॉयला दिली. त्यास केवळ खेद व्यक्त करणारे त्रोटक उत्तर आले. ६ एप्रिल रोजी दांडी येथे मिठाचा कायदा मोडला गेला व सत्याग्रहाचे लोण देशभर पसरले. सौजन्यशील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्हाइसरॉयने चळवळ मोडण्यासाठी एकामागून एक वटहुकूम काढले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले, काँग्रेसच्या संस्था बेकायदा ठरविण्यात आल्या आणि हजारो सत्याग्रही तुरुंगात गेले. ५ मे रोजी गांधींना अटक करून येरवड्यास ठेवण्यात आले. त्यानंतर सोलापुरात दंगल व गोळीबार होऊन लष्करी कायदा जारी झाला. या प्रकरणात मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले.

दडपशाही चालू असतानाही आयर्विनने बोलण्यांचा मार्ग पूर्णपणे बंद होऊ दिला नाही. १९३० च्या उन्हाळ्यानंतर बॅ. मु. रा. जयकर आणि तेजबहादूर सप्रू यांनी मध्यस्थी केली, तेव्हा त्यांना तुरुंगातील नेत्यांना भेटण्याची परवानगी त्याने दिली. ही मध्यस्थी असफल झाली. काँग्रेसच्या अनुपस्थितीत भरलेली पहिली गोलमेज परिषद अपुरी आहे, हे उघड झाल्यावर २६ जानेवारी १९३१ रोजी गांधींची बिनशर्त सुटका झाली. १७ फेब्रुवारीपासून दिल्लीस दोघांच्या भेटी सुरू झाल्या. राजद्रोही फकीर अर्धनग्न अवस्थेत व्हाइसरॉयच्या प्रासादाच्या पायऱ्या चढतो आणि सम्राटाच्या प्रतिनिधीशी बरोबरीच्या नात्याने बोलतो, याबद्दल चर्चिलने जाहीर संताप व्यक्त केला. चर्चिलला जे लांछनास्पद वाटले, तेच हिंदी जनतेच्या दृष्टीने या भेटींचे महत्त्व होते.

५ मार्च १९३१ रोजी झालेल्या गांधी–आयर्विन करारान्वये काँग्रेसने कायदेभंग तहकूब करून पुढील गोलमेज परिषदेत भाग घेण्याचे मान्य केले. सरकारने वटहुकूम मागे घ्यावेत, अहिंसक सत्याग्रहींना मुक्त करावे, किनाऱ्यावरील गावकऱ्यांना घरगुती वापरासाठी मीठ करू द्यावे आणि शांततामय निरोधनास हरकत घेऊ नये, असे ठरले. पोलिसी अत्याचारांची चौकशी मात्र आयर्विनने नाकारली आणि सरकारजमा होऊन विकल्या गेलेल्या जमिनीही परत मिळाल्या नाहीत. भगतसिंग, सुखदेव आणि पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम राजगुरू यांची फाशीची शिक्षा कमी करावी, ही गांधींची विनंती त्याने मानली नाही. २३ मार्च रोजी तिघांना लाहोर येथे फाशी देण्यात आले. करारावर तरुण पिढीचा रोष झाला, तो मुख्यतः यामुळे. एप्रिल १९३१ मध्ये आयर्विन निवृत्त झाला. त्याच्यामागून आलेल्या लॉर्ड विलिंग्डनला या कराराबद्दल आस्था नव्हती. जानेवारी १९३२ मध्ये गांधींना पुन्हा अटक झाली व करार संपुष्टात आला.

इंग्लंडला परतल्यावर तो पुन्हा शिक्षणमंत्री झाला (१९३२–३५). ऑक्सफर्ड विद्यापीठाचा कुलपती म्हणून १९३३ मध्ये त्याची निवड झाली व हे पद त्याच्याकडे अखेरपर्यंत राहिले. १९३४ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर तो तिसरा व्हायकाउंट हॅलिफॅक्स झाला. नोव्हेंबर १९३७ मध्ये त्याने बेर्खटेसगाडेन येथे हिटलरची भेट घेतली. मोटारीतून उतरताना समोर उभा असलेला हिटलर त्यास प्रथम नोकरच वाटला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया व डॅन्झिग यांच्या बाबतीत शांततेच्या मार्गाने बदल होणार असतील, तर ब्रिटनची हरकत राहणार नाही, असे त्याने या भेटीत सूचित केले. हिंदुस्थानचा विषय निघाला असता गांधींना गोळी घालावी, असा सल्ला हिटलरने दिला. तेथे हजर असलेला ब्रिटिश अधिकारी आयव्हन कर्कपॅट्रिक याने ही नोंद करून ठेवली आहे. ज्या गृहस्थाने गांधींशी आठवडेच्या आठवडे वाटाघाटी केल्या होत्या, त्याच्यापुढे हा सल्ला दिला गेला. तरीही हिटलरच्या राजकारणाचे खरे स्वरूप त्या वेळी हॅलिफॅक्सच्या ध्यानी आले नाही.

ईडनच्या राजीनाम्यानंतर फेब्रुवारी १९३८ मध्ये चेंबरलिनने हॅलिफॅक्सला परराष्ट्रमंत्री केले. अनुनयाच्या धोरणाला त्याने प्रथम पूर्ण पाठिंबा दिला. पण तो अखेरपर्यंत टिकला नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये हिटलरने गोडेसबर्ग येथे मागण्या वाढविल्या. चेंबरलिन त्या स्वीकारण्याच्या मनःस्थितीत असता २५ सप्टेंबरच्या बैठकीत हॅलिफॅक्सने विरोध नोंदविला. म्यूनिक करार टळला नाही. तथापि नोव्हेंबर १९३८ मधील ज्यूंवरील अत्याचारांनंतर त्याचे मत अधिक कठोर झाले आणि मार्च १९३९ मध्ये जर्मनीने प्राग व्यापल्यावर पोलंडला संरक्षणाची हमी देण्यात त्याने पुढाकार घेतला. या हमीनुसार ब्रिटन ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धात उतरले.

नॉर्वेमधील अपयशानंतर ८ मे १९४० रोजी कॉमन्स सभेत चेंबरलिनला २८१ विरुद्ध २०० अशी मते पडली. सरकार टिकले, पण त्याचा नैतिक आधार गेला. पंतप्रधानपदासाठी चेंबरलिन, राजा सहावा जॉर्ज व हुजूर पक्षातील पुष्कळजण यांची पसंती हॅलिफॅक्सला होती. ९ मे रोजीच्या बैठकीत लॉर्ड्‌स सभेच्या सभासदाने पंतप्रधान होणे अडचणीचे ठरेल, असे सांगून त्याने नकार दिला. याला कायद्याची आडकाठी नव्हती. मात्र १९०२ मध्ये लॉर्ड सॉल्झबरी निवृत्त झाल्यानंतर कोणीही उमराव पंतप्रधान झाला नव्हता आणि १९२३ मध्ये लॉर्ड कर्झनला डावलताना हेही एक कारण होते. ज्या किताबाने हॅलिफॅक्सच्या सार्वजनिक जीवनाचे मार्ग सुकर केले, तोच शेवटच्या पायरीवर आडवा आला, असे वरवर पाहता दिसते. वास्तविक युद्धकाळात ही अडचण दूर करता आली असती. युद्धाची सूत्रे चर्चिलच्याच हाती राहणार आणि आपण नाममात्र पंतप्रधान ठरू, ही त्याची जाणीव अधिक निर्णायक होती.

मे १९४० च्या अखेरीस ब्रिटिश सैन्य डंकर्क येथे कोंडीत सापडले, तेव्हा इटलीच्या मध्यस्थीने तहाच्या अटी निदान अजमावाव्यात, असा आग्रह हॅलिफॅक्सने युद्धमंत्रिमंडळात धरला. राष्ट्राचे स्वातंत्र्य अबाधित राहत असेल, तर व्यर्थ रक्तपात टाळणे हे कर्तव्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. नुसती बोलणी सुरू केल्यानेही लोकांचे धैर्य खचेल, असे चर्चिलचे मत होते. २६ ते २८ मे असा तीन दिवस हा वाद चालला व चर्चिलची बाजू वरचढ ठरली. हॅलिफॅक्सने हा निर्णय निष्ठेने पाळला. हिटलरने जुलैमध्ये केलेले तहाचे आवाहन फेटाळणारे नभोवाणी भाषण २२ जुलै १९४० रोजी त्यानेच केले.

लॉर्ड लोदियनच्या निधनामुळे रिकाम्या झालेल्या वॉशिंग्टनच्या राजदूतपदी चर्चिलने त्यास जानेवारी १९४१ मध्ये धाडले. प्रारंभी त्याचे उमरावी वागणे अमेरिकनांना रुचले नाही. युद्धविरोधकांनी डिट्रॉइटला त्याच्यावर अंडी व टोमॅटो फेकल्याचीही घटना घडली. पण त्याने देशभर प्रवास केला, तेथील रीतिरिवाज समजून घेतले आणि रूझवेल्टच्या सहकाऱ्यांचा विश्वास संपादिला. त्याचा मधला मुलगा पीटर १९४२ मध्ये रणांगणावर पडला. त्याच सुमारास धाकटा मुलगा रिचर्ड याने युद्धात दोन्ही पाय गमावले. ही आपत्ती त्याने ज्या धीराने सोसली, त्यामुळे अमेरिकनांचा त्याच्याविषयीचा आदर वाढला. १९४४ मध्ये त्यास अर्ल हा किताब मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या सॅन फ्रॅन्सिस्को परिषदेत त्याने भाग घेतला आणि केन्सबरोबर अमेरिकन कर्जाच्या वाटाघाटी केल्या. १९४६ मध्ये तो राजदूतपदावरून निवृत्त झाला.

हिंदुस्थानशी त्याचा अखेरचा महत्त्वाचा संबंध फेब्रुवारी १९४७ मध्ये आला. जून १९४८ पर्यंत सत्ता सोडण्याच्या ॲटली सरकारच्या घोषणेविरुद्ध लॉर्ड्‌स सभेत ठराव मांडण्यात आला होता. याहून चांगला उपाय आपण सुचवू शकत नाही. तेव्हा सरकारचा मार्ग चुकीचा ठरविण्यास आपण तयार नाही, असे हॅलिफॅक्सने सांगितले. त्याच्या भाषणाने सभेचा कल बदलला व ठराव मागे घेण्यात आला.

फुलनेस ऑफ डेज हे त्याचे आत्मवृत्त १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. गॅरोबी (यॉर्कशर) येथील आपल्या वाड्यात त्याचे निधन झाले. चर्चिलने त्याची धार्मिकता, शिकारीचा छंद व धूर्तपणा यांवर कोटी करून त्यास ‘होली फॉक्स’ म्हटले होते. हिंदुस्थानात त्याने एका हाताने वटहुकूम काढले व दुसऱ्या हाताने तडजोड केली. साम्राज्याची चौकट त्याने कधीही ओलांडली नाही. मात्र पराधीन देशाच्या नेत्याशी बरोबरीच्या नात्याने बोलल्याशिवाय ती चौकट टिकणार नाही, हे त्याने आपल्या पक्षातील इतरांच्या आधी ओळखले. गांधींशी झालेल्या वाटाघाटींना फळ आले, कारण दिलेला शब्द पाळणे हे दोघांनाही बंधनकारक वाटत होते. हिटलरच्या बाबतीत हा आधारच नव्हता. हा भेद हॅलिफॅक्सच्या उशिरा लक्षात आला आणि त्या विलंबाची किंमत प्रथम चेकोस्लोव्हाकियाला द्यावी लागली.