चौतिसावा क्रमांक

२००५ सालच्या जून महिन्यात माझी धाकटी कन्या पुण्यातील पेठेतल्या एका मराठी शाळेत पहिलीच्या वर्गात दाखल झाली, त्या गोष्टीला आता वीस वर्षे उलटून गेली. १९९८ साली ती जन्मास आली ती डाउन सिंड्रोम घेऊन. शासकीय रुग्णालयाच्या दाखल्यावर बुद्ध्यंकाचा एक आकडा आणि अपंगत्वाची एक टक्केवारी नोंदलेली होती, आणि एवढ्या आधारावर तिला चारचौघांच्या शाळेत घालावे की विशेष शाळेत, याचा निर्णय आम्हा उभयतांना करावयाचा होता. तो एकदा करून मोकळे होता येईल अशी तेव्हा आमची समजूत होती. प्रत्यक्षात तो दर जूनला पुन्हा दारात येऊन उभा राहिला.

त्या दिवसांत हाती लागेल ते मी वाचून काढले, आणि ही द्विधा आमच्या एका घरापुरती नाही, हे उमजत गेले. १९४४ साली मुंबईत होरमसजी व दीना वकील या दांपत्याने, आमच्या मुलीसारख्याच असलेल्या आपल्या जय या कन्येसाठी, स्वतःच शाळा काढली. पुण्यात कामायनी ही अशा मुलांसाठीची शाळा सुरू झाली १९६४ साली. आणि योगायोग असा की, ज्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, तो आयोगही त्याच वर्षी नेमला गेला व १९६६ च्या अहवालात त्याने, अपंग बालकांना शक्य तेथवर सर्वसामान्य शाळांतच सामावून घ्यावे, अशी शिफारस केली. पुढे १९७४ साली एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना आली, १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला. परंतु आमच्या राज्यात सर्वसामान्य शाळांचे दप्तर शालेय शिक्षण खात्याकडे आणि विशेष शाळांचे समाजकल्याण खात्याकडे, ही वाटणी कायम राहिली. मूल मात्र एकच होते, आणि त्याला दोन्ही खात्यांची गरज होती, हे मला फार उशिरा कळले.

आम्ही पहिल्याने पेठेतली शाळा निवडली, कारण ती घरापासून हाकेच्या अंतरावर होती आणि वाड्यातली सर्व मुले तेथेच जात. वर्गात सत्तेचाळीस मुले. आमच्या मुलीचा हजेरीपटावरील क्रमांक चौतिसावा. पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी ती देवघरासमोर मांडी घालून बसली आणि एकापासून सत्तेचाळीसपर्यंत सगळी हजेरी, आडनावांसकट, बाईंच्या स्वरात म्हणू लागली. स्वतःचे नावदेखील तिला तेव्हा लिहिता येत नव्हते. माझ्या मातोश्री स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि नातीसमोर बसून राहिल्या. बोलणे, हट्ट करणे, डब्यातला लाडू अर्धा करून देणे, खेळात राज्य आले की रुसून न बसणे, हे सर्व तिने वर्गातल्या बाकीच्या सेहेचाळिसांकडून घेतले. ते शिकविणारा दुसरा शिक्षक मला कोठे मिळाला असता असे आजही वाटत नाही.

परंतु तिसरीच्या वर्षातली एक वही मी जपून ठेवली आहे. तीत भीमा, नीरा, मुळा, मुठा अशी जिल्ह्यातील नद्यांची नावे आहेत, अक्षर टपोरे व ओळ सरळ आहे, आणि खाली बाईंची तांबड्या शाईची सही आहे. ती पाहून मला झालेला आनंद क्षणभरच टिकला. कारण ‘मुठा’ या शब्दावर तिचे बोट ठेवून मी तिला वाचावयास सांगितले, तेव्हा तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. फळ्यावरची चित्रे काढावीत तशी तिने ती अक्षरे काढली होती, आणि तीन वर्षे तिच्या सगळ्या वह्या अशाच भरल्या होत्या. यात बाईंचा दोष नव्हता. सेहेचाळीस मुलांना पुढे न्यावयाचे असताना सत्तेचाळिसाव्या मुलीजवळ बसण्यास त्यांना वेळ कोणी दिला होता, आणि अशा मुलीला वाचावयास कसे शिकवावे याचे शिक्षण तरी कोणी दिले होते?

चौथीच्या अखेरीस, १९९५ चा कायदा जागेवर असूनही, आता तिला विशेष शाळेत न्यावे, असे शाळेकडून आम्हांस सुचविण्यात आले. सूचना सौम्य शब्दांत होती. तरी शाळा सोडल्याचा दाखला हाती घेऊन बाहेर पडताना तिच्या आईने पायरीवर बसून चपलेचा पट्टा उगाच पुन्हा पुन्हा लावला, ते मी विसरलेलो नाही. जून २००९ मध्ये ती विशेष शाळेत गेली. ऑगस्टमध्ये संसदेने शिक्षणहक्काचा कायदा संमत केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. आम्ही आणखी एक वर्ष चिकाटी धरावयास हवी होती काय, हा प्रश्न मी पुष्कळ रात्री स्वतःस विचारला आहे; कायद्याने बाकावरची जागा राखली असती, त्या बाकाशेजारी कोण बसले असते हे मात्र मला सांगता येत नाही.

विशेष शाळेच्या वर्गात आठ मुले होती. तेथील शिक्षिकेने तिला बुटाची नाडी बांधावयास शिकविली, तो प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला. त्यांनी त्या एका कृतीचे अकरा लहान टप्पे पाडले होते, आणि शिकवावयाला आरंभ केला तो शेवटाकडून! दहा टप्पे बाई स्वतः करीत आणि अकरावा, म्हणजे दोन्ही फासे धरून ओढण्याचा, तेवढा मुलीस करावयास देत. म्हणजे पहिल्याच दिवशी नाडी तिच्याच हातून पुरी बांधली गेली. मग शेवटचे दोन, मग तीन, असे मागे मागे येत साडेचार महिन्यांनी ती पहिल्या टप्प्यास पोहोचली. चार वर्षे ‘जमत नाही’ हा शेरा ऐकलेल्या मुलाला रोज ‘झाले’ या शब्दाने उठविणारी ही रीत मला अत्यंत थोर वाटते. नाणी मोजणे, बसच्या पाटीवरील आकडा ओळखणे, पुढे स्वतःचे नाव वाचणे, हे सर्व तिला याच वाटेने आले.

आणि तरीही काही हरवले. शाळेची गाडी सकाळी तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन जाई व ती परत येई तेव्हा वाड्यातला खेळ आटोपलेला असे. वर्षभरात मुलांनी तिला हाक मारणे सोडले. त्यांच्या मनात वाकडे काही नव्हते, तिची सवय मोडली एवढेच. तिचे बोलणे आखूड झाले, कारण आता भोवती सगळीच आखूड बोलणारी होती.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला. सहा ते अठरा वर्षांच्या लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलास शेजारची शाळा किंवा विशेष शाळा, आपल्या पसंतीने, विनामूल्य मिळेल असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्या वेळी आमच्या मुलीने अठरा ओलांडली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर २०२२ साली केंद्र सरकारने सर्वसामान्य शाळांतून अशा दहा मुलांमागे, वरच्या प्राथमिक वर्गांत पंधरांमागे, एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण ठरवून दिले. ते वाचताना अकरा टप्पे पाडणाऱ्या त्या बाई पेठेतल्या वर्गात, चौतिसाव्या क्रमांकाशेजारी, खुर्ची ओढून बसलेल्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या. पसंतीचा हक्क मोलाचा आहे; परंतु एका शाळेत सोबती आणि दुसरीत शिक्षण अशी वाटणी असेल, तोवर आईबापांनी काहीही पसंत केले तरी अर्धेच पदरात पडते, असे माझे मत झाले आहे.

आता ती कार्यशाळेत जाते. गेल्या दिवाळीत तेथील पणत्यांच्या विक्रीच्या टेबलामागे ती उभी होती आणि एक तरुणी पणत्या निवडत होती. मुलीने तिच्याकडे पाहून ‘एकवीस’ म्हटले, आणि मग तिचे आडनावासह संपूर्ण नाव. ती तरुणी चमकली, हातातली पणती तिने खाली ठेवली. तोवर आमच्या मुलीने एकापासून आरंभ केला होता, त्याच बाईंच्या स्वरात, न अडखळता. तेहेतीस झाले, आणि चौतिसाव्या ठिकाणी ती थांबली, हात वर केला, ‘हजर’ म्हणाली, आणि पस्तिसावे नाव घेतले.