बचनागाचा अर्क आणि दुकानातील पुडी

हिमालयाच्या उंच उतारांवरून खणून आणलेले बचनागाचे मूळ आयुर्वेदात 'वत्सनाभ' या नावाने मान्य आहे, मात्र शोधनानंतरच. त्याचे तुकडे तीन दिवस गोमूत्रात भिजवून, रोज गोमूत्र बदलून, पुढे दुधात शिजवतात. शिजण्याने त्यातील अ‍ॅकोनिटीन हे जहाल विष पुष्कळसे विघटित होते. ज्वरावरील त्रिभुवनकीर्ती रसात असा शुद्ध बचनागच योजतात.

कच्चे मूळ मद्यार्कात मुरवून केलेल्या घरगुती अर्काची गोष्ट वेगळी. मद्यार्क विष ओढून घेतो, निववीत नाही. चीनमध्ये सांधेदुखीसाठी केलेल्या अशा अर्काने माणसे दगावली आहेत. प्रथम ओठ व जीभ बधिर होतात, मग हृदयाचे ठोके चुकू लागतात. यावर हमखास उतारा नाही. तत्काळ रुग्णालय गाठावे.

कंदमूळ व मद्य दोन्ही वर्ज्य असलेल्या घरात हा अर्क सहसा यायचा नाही. प्रश्न दुकानाचा आहे. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणले आहे. १९४५ च्या औषध नियमांतील 'ई-१' अनुसूचीतही वत्सनाभ आहे. त्याच्या पोटात घेण्याच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. काष्ठौषधींच्या दुकानातून सुट्या मुळाची पुडी बांधून दिली जाते, तिच्यावर मात्र काहीच छापलेले नसते.