मनाच्या दुखण्यावर उपचार : शोध आणि सुरुवात

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा शाळेविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयावर लिहिणारे पुष्कळ आहेत. इतकी वर्षे वर्गात उभे राहिल्यावर मला एक गोष्ट अधिक निकडीची वाटते. हुशार मूल एकाएकी मागे पडते, तरणाताठा मुलगा खोलीबाहेर येईनासा होतो, बाळंतपणानंतर सून महिनोन्महिने हसत नाही. आणि घरची माणसे हे कोणास कळू न देता वर्ष-दोन वर्षे काढतात. ताप तीन दिवस टिकला तर आपण डॉक्टर गाठतो. मनाचे दुखणे मात्र अंगावर काढतो. म्हणून घरी राहूनच घ्यावयाचे मनाचे उपचार कोठे मिळतात, ते पारखावे कसे आणि सुरू कसे करावे, एवढेच येथे सांगतो.

हे दुखणे विरळा नाही. बंगळूरच्या निम्हान्स ह्या संस्थेने २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत पाहणी केली, त्यांत आपले गुजरातही होते. त्या वेळी शंभर प्रौढांपैकी सुमारे दहाजणांस काही ना काही मानसिक आजार असल्याचे आढळले. आणि निरनिराळ्या आजारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण शंभरांत ७० ते ९२ होते. तेव्हा हा अंक ज्या घरांत जाईल, त्यांतील कित्येक घरांचा हा प्रश्न आहे, हे उघड आहे.

पहिली भीती दाखल करून घेतील ह्याची. आपल्या वडोदऱ्यात कारेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालयाचे नाव निघाले की माणसे आवाज खाली करतात. वस्तुतः मनाच्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक बाह्यरुग्ण असतात. सकाळी केस काढावी, डॉक्टरांस भेटावे आणि घरी परतावे, इतकाच तो प्रकार. कारेलीबागेखेरीज सयाजी हॉस्पिटलात आणि गोत्रीच्या सरकारी हॉस्पिटलातही मनोविकार विभाग आहेत. सरकारी ठिकाणी खर्च नाममात्र येतो. प्रथम कोठे जावे हेच सुचत नसेल, तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.

जावे कोणाकडे, ह्याविषयी फार घोटाळा आहे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेऊन पुढे ह्याच शाखेत शिकलेला डॉक्टर; औषध तोच लिहून देतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो तपासणी व संवादाच्या पद्धतीने उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते. ‘कौन्सेलर’ अशी पाटी मात्र थोडक्या दिवसांच्या शिक्षणावरही लागू शकते. त्यांतही चांगली माणसे आहेत. परंतु शिक्षण कोठे झाले, नोंदणी आहे काय, हे विचारण्यात संकोच मानू नये. सोनाराकडे गेल्यावर आपण कस लावून पाहतोच की!

संवादाने आजार कसा बरा होईल, असा प्रश्न पुष्कळजण करतात. त्याचे उत्तर गोव्यात मिळते. तेथे संगाथ ह्या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग केला. कोणास कोणता उपचार मिळावा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नशिबावर सोडले. एका गटास नेहमीचा उपचार व दुसऱ्यास त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा, अशा सहा ते आठ बैठकी. बैठकी घेणारे डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. पद्धतही सोपी होती. मन लागले की काम करीन, असे म्हणावयाचे नाही. आधी लहानसे काम ठरवून करावयाचे, मन मागाहून येते. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा बैठकी मिळालेल्या गटात शंभरांपैकी ६४ जण आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९. हे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. अशा रीतीने ताडून पाहिलेल्या उपचारालाच पुराव्यावर आधारलेला उपचार म्हणतात. कोणाच्या तरी भाच्याला गुण आला, हा पुरावा नव्हे.

प्रत्येक आजाराला एकच उपचार नसतो. नैराश्य व चिंता ह्यांवर विचार आणि वर्तन बदलण्याची पद्धत गुणकारी ठरली आहे. आजार तीव्र असेल तर औषधाची जोड लागते. कानांत आवाज येणे, घरच्यांवरच भलता संशय घेणे अशा आजारांत औषध आधी. तेथे नुसत्या बोलण्यावर विसंबून चालत नाही.

एक उदाहरण देतो. माझ्या माहितीतला एक विद्यार्थी वजू करावयास बसला की अर्धा-अर्धा तास उठत नसे. हात धुतले, पुन्हा शंका, पुन्हा धुतले. नमाजाची वेळ टळे, कॉलेज बुडे, हातांची कातडी सोलून निघे. आमच्या घरांतून ह्यास वसवसा म्हणतात. हिंदू घरांत हाच आजार सोवळ्याओवळ्याच्या नावाखाली लपतो. वडील त्यास रागे भरत, आई धार्मिक वृत्ती समजून गप्प बसे. अखेर तज्ज्ञाने त्याच्याकडून भीतीची एक शिडीच तयार करून घेतली आणि खालच्या पायरीपासून आरंभ केला. एकदाच धुवावयाचे, मग कितीही तगमग झाली तरी थांबावयाचे. तगमग वाढते, काही वेळाने आपोआप उतरते, हे त्याने स्वतः अनुभवले. घरच्यांसही एक काम दिले : ‘झाले ना स्वच्छ?’ ह्या प्रश्नाला पुनःपुन्हा उत्तर द्यावयाचे नाही. काही महिन्यांत तो कॉलेजात जाऊ लागला, आणि नमाजही वेळेवर होऊ लागली.

धर्म आणि वैद्यक ह्यांचे वैर आहे, असे मानणाऱ्यांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. अबू झैद अल-बल्खी ह्या विद्वानाने हजार वर्षांमागे शरीर व मन ह्या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. त्यात वसवशावर स्वतंत्र प्रकरण आहे. दुसरी गोष्ट आपल्याच राज्यातली. मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार ह्यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे दुःखी लोक येतात. तेथे २००८ च्या सुमारास ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याचे मुजावर आजार ओळखावयास शिकले, व दुआ झाल्यावर माणसास तेथल्याच डॉक्टरकडे पाठवू लागले. ह्याच्या उलट चित्र तामिळनाडूतील एरवाडीचे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहास आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या रुग्णांस पळता आले नाही, आणि २८ जीव गेले. श्रद्धा दोन्हीकडे होती. फरक पडला तो दवेचा व दयेचा.

आता प्रत्यक्ष सुरुवात. पहिल्या भेटीस घरचे एक शहाणे माणूस बरोबर असावे. त्रास केव्हापासून, झोप व भूक कशी, पूर्वीची औषधे कोणती, घराण्यात कोणास असे झाले होते काय, हे कागदावर लिहून न्यावे. डॉक्टर थायरॉईडची किंवा रक्ताची तपासणी सांगतील. ती करावी, कारण शरीरातील उणिवेनेही मन खचते. मग मोकळेपणाने विचारावे : आजार कोणता? उपचार कोणता, त्याचा आधार काय? किती बैठकी लागतील? गुण येतो आहे, हे कशावरून ओळखावे? चांगला तज्ज्ञ ह्या प्रश्नांनी रागावत नाही. नैराश्याच्या औषधाचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून ते मनाने बंद करू नये. संवादाचे उपचार बहुधा आठवड्यास एक, अशा बारा ते सोळा बैठकींचे असतात, आणि घरी करावयाचा अभ्यासही मिळतो. सहा-आठ बैठकींनंतर काहीच फरक नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, अथवा दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मात्र रुग्ण जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर वाट पाहू नये. त्यास एकटे न ठेवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

राहिली लोकनिंदेची व लग्नसंबंधांची भीती. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ साली अमलात आला. त्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजारास शरीराच्या आजाराप्रमाणेच लेखावे असे बंधन घातले आहे. परंतु शेजारणीच्या जिभेला कायद्याचा लगाम घालता येत नाही. ते काम समाजाचे आहे.

म्हणून आपल्या ट्रस्टपुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपण शिष्यवृत्त्या देतो, औषधांस मदत करतो. त्यांच्याबरोबर चार समजूतदार स्त्री-पुरुषांची नेमणूक व्हावी. ज्या घरास एकटे जाण्याचा धीर होत नाही, त्यांच्याबरोबर त्यांनी पहिल्या दिवशी दवाखान्यात जावे, रांगेत बसावे आणि त्या घराची गोष्ट आपल्याजवळच ठेवावी. ह्यास निधी फारसा लागणार नाही. माणसे मात्र विश्वासाची लागतील, आणि तशी माणसे आपल्यात आहेत.