खवट दाण्याचा माग

आजी ओटीवर सुपात दाणे घेऊन बसायची. पाखडून झालं की बोट फिरवत सुरकुतलेला, काळपडलेला दाणा हुडकून बाजूला टाकायची. एक खवट दाणा राहिला तरी सगळं कूट कडू होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दाण्यात विषही असू शकतं, हे मात्र जगाला १९६० नंतर कळलं.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले. माग लागला तो त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. पेंडीवरच्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. अतिनील दिव्याखाली त्याचा एक प्रकार निळा चमकतो, दुसरा हिरवा. ब्ल्यू आणि ग्रीनवरून त्यांना ‘बी’ आणि ‘जी’ ही नावं पडली. १९७४मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ल्याने शंभराच्या आसपास माणसं दगावली. ते मरण टाळता येण्यासारखं होतं, म्हणून अजूनही सलतं.

हे विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे निर्मळ आणि चार-दोन विषाने भरलेले, असंच बहुधा असतं. मूठभर नमुना तपासून भागत नाही. दाणा न् दाणा पाहावा लागतो. ते काम कॅमेऱ्याने हाती घेतलं. डाळ-तांदळाच्या पोत्यांवर आपण ‘सॉर्टेक्स’ वाचतो, तीच ही यंत्रं. साल काढलेले दाणे घसरत येतात, कॅमेरा डागी दाणा टिपतो आणि हवेचा झोत तेवढाच दाणा बाहेर उडवतो. पुढे आलेल्या हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातही दाणा पाहता येऊ लागला.

तरीही कॅमेरा मुख्यतः बुरशीच्या खुणा पाहतो. विष किती, हे प्रयोगशाळाच सांगते. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यांसाठी मर्यादा आहे किलोला ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका टनात अवघे ४ मिलीग्रॅम. परदेशी गिऱ्हाइकासाठी जी नजर लावतो, तीच आपल्या मुलांच्या चिक्कीलाही लावली पाहिजे. आणि यंत्राने बाहेर फेकलेला दाणा पुन्हा घाण्यावर किंवा चटणीत येता कामा नये.

भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. शेंगा नीट वाळवा, कोरड्या जागी ठेवा आणि कडू लागलेला दाणा गिळू नका, थुंकून टाका.