ब्लॅक अँड व्हाइट रोल हातात घेण्याआधी डबी वाचा!



समजा, तुम्ही डार्करूम प्रिंटिंगची सेवा सुरू केलीत. पहिला ग्राहक येतो आणि म्हणतो, "दादा, हा ब्लॅक अँड व्हाइट रोल आहे. डेव्हलप करा आणि आठ बाय दहाचे प्रिंट काढून द्या." तुम्ही लगेच हो म्हणणार का? थांबा. आधी डबीवर काय छापलंय ते वाचा.

दोन प्रकारचे रोल

इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स हे नेहमीचे ब्लॅक अँड व्हाइट रोल. यांचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं. इलफर्ड एक्सपी२ सुपर मात्र वेगळा आहे. तो असतो ब्लॅक अँड व्हाइटच, पण डेव्हलप होतो रंगीत फिल्मच्या केमिकलमध्ये. या प्रोसेसचं नाव सी-४१. डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसला, वेळ सव्वातीन मिनिटं.

सी-४१ मध्ये आधी चांदीचं चित्र तयार होतं आणि त्याच्यासोबत रंगद्रव्याचंही. नंतर ब्लीच आणि फिक्सर सगळी चांदी काढून टाकतात. मागे राहतं फक्त रंगद्रव्य.

आता धोका कुठे आहे, बघा. नेहमीच्या रोलमध्ये रंगद्रव्य बनवणारे घटकच नसतात. तो रोल चुकून सी-४१ मध्ये गेला, तर चांदी निघून जाते आणि हातात उरते कोरी पट्टी. कुणाच्या आजीचा शेवटचा फोटो त्यात असेल, तर तो कुठल्याही पैशाने परत येत नाही. उलट चूक त्यामानाने सौम्य: एक्सपी२ साध्या ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरमध्ये गेला तरी चित्र मिळतं.

प्रिंट काढताना काय फरक पडतो?

चांगली बातमी ही की, रंगद्रव्याच्या निगेटिव्हवरूनही साध्या ब्लॅक अँड व्हाइट पेपरवर प्रिंट निघतो. एन्लार्जर तोच, केमिकल तीच, लाल दिवाही तोच. एक्सपी२ च्या पट्टीवर नारिंगी थर नसतो, म्हणून मल्टिग्रेड पेपरवर काम सोपं जातं.

पण ग्राहक जुनी नारिंगी पट्टी घेऊन आला तर? ती कोडॅक बीडब्ल्यू४००सीएन असू शकते. कोडॅकने हा रोल २०१४ मध्ये बंद केला, पण घराघरांतल्या पाकिटांत त्याच्या पट्ट्या अजून आहेत. त्या रंगीत पेपरवर प्रिंट करायच्या हिशोबाने बनवल्या होत्या.

मल्टिग्रेड पेपर निळ्या प्रकाशाने कडक कॉन्ट्रास्ट देतो आणि हिरव्याने मऊ. नारिंगी थर निळा प्रकाश अडवतो. म्हणजे पट्टीनेच जणू पिवळा फिल्टर लावलाय! परिणाम दोन: प्रिंट मऊ, फिकट येतो आणि एक्स्पोजरला वेळ जास्त लागतो. उपाय काय? फिल्टर नेहमीपेक्षा वरच्या ग्रेडचा लावा आणि टेस्ट स्ट्रिप काढून वेळ ठरवा. अंदाजाने पूर्ण पेपर वाया घालवू नका.

आता धंद्याचं बोलू

१. पावतीवर रोलचं पूर्ण नाव आणि प्रोसेस लिहा. ग्राहकासमोर वाचून दाखवा, सही घ्या.

२. डबीवरचं नाव वाचता येत नसेल, तर रोल केमिकलमध्ये घालू नका. ग्राहकाला विचारा.

३. नारिंगी पट्टीचा दर वेगळा ठेवा. एका चांगल्या प्रिंटसाठी तीन पेपर गेले, तर तुमचा खर्च तीन पेपरचा आहे, एकाचा नाही. त्यावर तुमचा वेळही मोजा.

४. सी-४१ साठी तापमान नीट सांभाळावं लागतं. सुरुवातीला रोल भरवशाच्या लॅबमधून डेव्हलप करून घ्या आणि तुम्ही फक्त प्रिंटिंग करा. भांडवल कमी अडकतं.

मित्रांनो, मशीन कुणीही विकत घेऊ शकतो. ग्राहक परत येतो तो भरवशामुळे, आणि इथे भरवसा म्हणजे डबी वाचायला घेतलेलं अर्धं मिनिट.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर कामाला लागा!