पायाखालचं मेण
आमच्या हिस्टॉलॉजी लॅबमध्ये मला सगळ्यात धास्ती वाटते ती पायाखालच्या मेणाची. बायोप्सीचा तुकडा पॅराफिन मेणात बसवून मायक्रोटोम या यंत्रावर त्याचे 3 ते 5 मायक्रॉन जाडीचे काप काढतात. त्या वेळी खाली पडलेला कीस चपलांखाली चेपला जातो आणि फरशी तेल सांडल्यासारखी निसरडी होते. तीही धारदार ब्लेडच्या शेजारी! ओल्या फडक्याने हे मेण निघत नाही. आधी कोरडा कीस गोळा करायचा, मग चिकटलेलं मेण प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं. झायलीन या द्रावकाने ते चटकन विरघळतं खरं, पण झायलीनची वाफ पेट घेते, तिने डोकं दुखतं. फरशीवर झायलीन ओतायचं नाही म्हणजे नाही. लॅब चालवणाऱ्यांनो, सफाईच्या मावशींना हे शेजारी उभं राहून समजावून सांगा.